दगडावर लिहिलेली फिर्याद: त्रांसनोनँ गल्ली, १८३४

१/ एका खोलीतील दृश्य. पलंगावरची चादर ओढली जाऊन खाली लोंबते आहे. पलंगाला टेकून एक पुरुष कोसळला आहे. अंगात झोपण्याचा लांब सदरा, डोक्यावर झोपताना घालायची सुती टोपी, उघडे पाय पुढे पसरलेले. त्याच्या देहाखाली एक लहान मूल चिरडले गेले आहे. डावीकडे अंधारात एक स्त्री निपचित. उजव्या कडेला एका वृद्धाचे डोके. एक खुर्ची उलथलेली. जिवंत कोणीही नाही. चित्राखाली फक्त पत्ता आणि तारीख: रू त्रांसनोनँ, १५ एप्रिल १८३४.

२/ हे शिलामुद्रित चित्र ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराचे. त्या वेळी त्याचे वय होते २६ वर्षे. इतिहासप्रेमी मंडळींच्या हाती हे चित्र पडले की तीन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. ‘हा पाहा त्या हत्याकांडाचा पुरावा.’ ‘हा तर विरोधकांचा प्रचार, याला इतिहासात स्थान नाही.’ ‘राजकारण सोडा, काय सुंदर छायाप्रकाश आहे!’ ही तिन्ही वाक्ये चुकीची आहेत, आणि तिन्हींच्या चुका वेगवेगळ्या आहेत. हा धागा त्या तिन्हींच्या विरोधात.

३/ माझे प्रतिपादन आरंभीच मांडतो, म्हणजे ज्यांना मतभेद नोंदवायचा आहे त्यांना शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. हे चित्र साक्षीदार नव्हे. ही फिर्याद आहे. फिर्याद साक्षीहून वेगळी असते आणि अफवेहूनही वेगळी असते. ती कोणीतरी, कोणाविरुद्ध तरी, एका विशिष्ट दिवशी, स्वतःच्या नावाने दाखल केलेली असते. ती तशीच वाचली पाहिजे: तारखेसह, आरोपीसह आणि आरोपीने दिलेल्या उत्तरासह. आता क्रमाने पुढे जाऊ.

४/ पार्श्वभूमी. जुलै १८३०. दहाव्या शार्ल राजाने काढलेल्या हुकमांत वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य संपवणारा हुकूमही होता. पॅरिस पेटले. २७ ते २९ जुलै अशा तीन दिवसांत राजाची सत्ता कोसळली. लुई-फिलिप गादीवर आला. नव्या सनदेच्या सातव्या कलमाने फ्रेंच जनतेला आपली मते छापून प्रसिद्ध करण्याचा हक्क दिला आणि परीक्षण-निर्बंध पुन्हा कधीही आणला जाणार नाही, असे वचन दिले. ‘कधीही’ हा शब्द ध्यानात ठेवावा. तो पाच वर्षे टिकला.

५/ त्याच वर्षी नोव्हेंबरात शार्ल फिलिपाँ याने ‘ला कारिकात्यूर’ हे सचित्र साप्ताहिक काढले. १८३२ च्या डिसेंबरात ‘ल शारिवारी’ हे दैनिकही सुरू झाले. राजाच्या मोठ्या गालांच्या चेहऱ्याचे फिलिपाँने नासपती फळ केले. १८३१ च्या नोव्हेंबरात खटला चालू असताना त्याने न्यायालयासमोरच चार आकृत्या काढून दाखवल्या: पहिल्या आकृतीत राजा, शेवटच्या आकृतीत नुसते नासपती. यांतल्या कोणत्या पायरीवर गुन्हा घडला, असा त्याचा प्रश्न होता. शिक्षा झालीच, पण पॅरिसच्या भिंतीभिंतींवर पोरे नासपती काढू लागली.

६/ दोमिए याच गोटातला. १८३१ च्या अखेरीस त्याने ‘गारगांतुआ’ हे चित्र काढले. नासपतीसारख्या डोक्याचा अवाढव्य राजा सिंहासनावर बसला आहे. ते सिंहासन म्हणजे शौचासन. त्याच्या तोंडापर्यंत फळी लावली आहे आणि नोकर गरिबांकडून गोळा केलेल्या पैशांच्या टोपल्या वर नेत आहेत. खालून बाहेर पडतात ती मानचिन्हे आणि नेमणुकीची पत्रे. या चित्रासाठी सहा महिन्यांची शिक्षा आणि ५०० फ्रँक दंड झाला. १८३२ च्या ऑगस्टात तो सँत-पेलाजी तुरुंगात गेला.

७/ आता थोडे तंत्राविषयी, कारण तंत्र समजल्यावाचून सत्तेची भीती समजत नाही. शिलामुद्रणाचा शोध बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने १८ व्या शतकाच्या अगदी अखेरीस लावला. झोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा. त्यावर स्निग्ध खडूने उलटे चित्र काढायचे. दगड ओला करायचा. मग तेलकट शाई फिरवायची: ती रेघांना धरते, ओल्या भागाला धरत नाही. वर कागद दाबला की चित्र सुलटे उमटते. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, एवढेच मूळ रहस्य.

८/ तांब्यावर किंवा लाकडावर कोरण्यासाठी कसबी कारागीर लागे आणि कित्येक दिवस जात. दगडावर चित्रकार स्वतःच्या हाताने काढी. घटना घडल्यापासून छापील चित्र हाती येईपर्यंतचे अंतर दिवसांवर आले आणि एका दगडातून मोठ्या संख्येने प्रती निघू लागल्या. आपल्याकडे ज्याला शिळाप्रेस म्हणत तो हाच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले तेही याच दशकात आणि याच तंत्राने. पॅरिसमध्ये तेच तंत्र राज्यकर्त्यांच्या झोपा उडवत होते.

९/ खटल्यांमागून खटले, दंडांमागून दंड. हे दंड भरायचे कोठून? फिलिपाँने १८३२ मध्ये एक योजना काढली: वर्गणीदारांना दरमहा एक मोठे, उत्तम कागदावर छापलेले चित्र द्यायचे आणि त्या पैशातून दंड भागवायचे. ही योजना म्हणजे ‘लासोसिआसिआँ माँस्युएल’. तिच्यातून एकंदर २४ चित्रे निघाली. चोविसावे आणि अखेरचे चित्र म्हणजे ‘रू त्रांसनोनँ’. म्हणजे हे चित्र कोणा धनिकाच्या दिवाणखान्यासाठी जन्मलेले नाही. सरकारने लादलेल्या दंडाची वर्गणी म्हणून ते जन्मले.

१०/ आता मूळ घटना. १८३४ च्या एप्रिलात सरकारने संघटनांवर नवा कायदा आणला. वीसहून अधिक माणसांच्या मंडळाला परवानगी लागे, हा जुना नियम होताच. छोट्या छोट्या शाखा करून त्यातून निसटण्याची वाट नव्या कायद्याने बंद केली. प्रजासत्ताकवादी मंडळे आणि कामगारांच्या परस्पर-साहाय्य संस्था दोघांच्याही मुळावर हा घाव होता. ९ एप्रिलला ल्योनचे रेशीम विणकर रस्त्यावर आले. सैन्याने शहरात तोफा चालवल्या. शेकडो माणसे मेली.

११/ ल्योनची बातमी पॅरिसला पोहोचली. १३ एप्रिलच्या संध्याकाळी तेथील जुन्या, अरुंद गल्ल्यांत अडथळे उभे राहिले. बंड लहानच होते. आदोल्फ तिएर तेव्हा गृहमंत्री होता. पॅरिसमध्ये प्रचंड फौज जमवण्यात आली. दुसऱ्या दिवशी पहाटे सैन्य गल्ल्या मोकळ्या करत निघाले. त्रांसनोनँ गल्लीत एका अधिकाऱ्याला गोळी लागली. ती १२ क्रमांकाच्या घरातून आली, असे सैनिकांनी धरले.

१२/ पस्तिसाव्या पायदळ रेजिमेंटचे सैनिक त्या घरात घुसले. अनेक मजल्यांची, भाडेकरूंची इमारत. मजल्यामागून मजला, खोलीमागून खोली. गोळ्या आणि संगिनी. सुमारे डझनभर रहिवासी ठार झाले, आणखी काही जखमी झाले. त्यांत बायका होत्या, म्हातारी माणसे होती. पुढील वर्षी बंडवाल्यांवर उमरावांच्या सभागृहापुढे प्रचंड सामूहिक खटला चालला. त्या घरातील हत्येबद्दल मात्र एकाही सैनिकाला शिक्षा झाली नाही.

१३/ येथवर सारे सरळ आहे. आता पहिल्या चुकीकडे: ‘हा पाहा पुरावा.’ मित्रहो, दोमिए त्या खोलीत नव्हता. त्याने जे रेखाटले ते डोळ्यांनी पाहिलेले दृश्य नव्हे. ऐकलेल्या आणि वाचलेल्या हकिगतींवरून रचलेले दृश्य आहे. वृद्ध, तरुण पुरुष, स्त्री आणि मूल, म्हणजे कुटुंबाच्या सगळ्या अवस्था एकाच चौकटीत आल्या आहेत. हा योगायोग नव्हे, ही मांडणी आहे. प्रकाशाचा तिरपा झोत नेमका पांढऱ्या सदऱ्यावर पडतो, तोही निवडलेला आहे.

१४/ तारखेचेच पाहा. चित्राखाली १५ एप्रिल आहे. पण लद्रू-रोलँ या तरुण वकिलाने त्याच वर्षी या घटनेवर पुस्तिका छापली, तिच्या शीर्षकातच १३ आणि १४ एप्रिल हे दिवस आहेत. म्हणजे ज्या चित्राखाली तारखेवाचून जवळजवळ काहीच लिहिलेले नाही, त्या चित्राची तारीखच एका दिवसाने पुढे आहे. जो गडी हे चित्र ‘पुरावा’ म्हणून फेकतो, त्याच्यावर ही एक विसंगती उलटवली की त्याचा सारा डोलारा कोसळतो. आणि त्या डोलाऱ्याखाली मेलेली माणसे पुन्हा एकदा गाडली जातात.

१५/ दुसरे उदाहरण जनरल ब्युजोचे. पॅरिसने त्याला ‘त्रांसनोनँ गल्लीचा खाटीक’ ठरवले आणि ते नाव त्याला आयुष्यभर चिकटले. त्या दिवशी तो शहरात एका ब्रिगेडचा प्रमुख होता, हे खरे. पण त्या घरात शिरलेले सैनिक त्याच्या हाताखालचे नव्हते, असे इतिहासकार मानतात. पुढे अल्जीरियात त्याने जी धूळधाण केली तिच्यासाठी त्याला जरूर दोषी धरावे. तिथली कागदपत्रे त्यास पुरेशी आहेत. परंतु एका दुष्कृत्याच्या खात्यावर दुसरे न तपासता टाकणे, हा इतिहास नव्हे.

१६/ म्हणून पहिल्या मंडळींना सांगणे इतकेच: चित्राला त्याच्या ताकदीपलीकडचे काम देऊ नका. चित्र ‘असेच घडले’ म्हणून शपथ घेऊ शकत नाही. ते काम जिवंत वाचलेल्यांच्या जबान्यांचे आहे, आणि त्या जबान्या उपलब्ध आहेत. लद्रू-रोलँने घरातील वाचलेल्या रहिवाशांच्या आणि शेजाऱ्यांच्या हकिगती गोळा करून छापल्या. ज्याला पुरावा हवा त्याने तेथे जावे. चित्राकडे येताना वेगळा प्रश्न घेऊन यावे.

१७/ आता दुसरी चूक, आणि ही अधिक धोकादायक, कारण ती शहाणपणाचा वेष घेऊन येते: ‘प्रचारचित्र आहे, सोडून द्या.’ दोमिए निःपक्षपाती नव्हता, हे सांगायला संशोधक कशाला हवा? तो सरकारच्या तुरुंगात राहून आला होता. प्रश्न असा की पक्ष घेतला म्हणून विधान खोटे ठरते काय? असे असते तर जगातली प्रत्येक फिर्याद दाखल होण्याआधीच फेटाळावी लागेल, कारण फिर्यादी नेहमीच एका बाजूचा असतो.

१८/ या चित्राचे विधान नेमके काय आहे ते पाहा. सदरा आणि टोपी म्हणतात: हा माणूस झोपलेला होता. उलथलेली खुर्ची आणि ओढलेली चादर म्हणते: येथे घाईने कोणीतरी शिरले. मूल म्हणते: येथे नेम धरून मारलेले नाही, जे दिसले ते मारले. खोलीत बंदूक नाही, काडतूस नाही. एकही शब्द न लिहिता चित्रकाराने सरकारी बाजूच्या कैफियतीला उत्तर दिले आहे: ज्यांना तुम्ही बंडखोर म्हणता, ते अंथरुणात होते.

१९/ सरकारची बाजूही निष्पक्षपणे मांडली पाहिजे. गल्लीत खरेच लढाई चालू होती. सैनिक खरेच मरत होते. अधिकाऱ्याला गोळी खरेच लागली. अंधाऱ्या, अरुंद गल्लीत कोणत्या खिडकीतून बार झाला हे कळणे कठीण होते. हे सर्व मान्य. पण हे सर्व मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो: एका खिडकीच्या संशयावरून साऱ्या घराला मृत्युदंड देण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? चित्र नेमका हाच प्रश्न विचारते. आणि हा प्रश्न तारखेच्या एका दिवसाच्या चुकीने खोटा ठरत नाही.

२०/ आणि पाहा, आरोपी चित्रात नाही. ‘गारगांतुआ’त राजा होता, म्हणून राजाच्या अवमानाचे कलम लावता आले. येथे राजा नाही, मंत्री नाही, सैनिक नाही, नासपतीही नाही. थट्टा नाही, अतिशयोक्ती नाही. खुद्द फिलिपाँनेही ते प्रसिद्ध करताना लिहिले की हे व्यंगचित्र नव्हे, हे आपल्या काळच्या इतिहासाचे रक्ताळलेले पान आहे, अशा आशयाचे. अवमान कोणाचा झाला म्हणणार? जो पुढे येऊन ‘माझा झाला’ म्हणेल, तो स्वतःच कबुली देईल.

२१/ मग सत्तेने काय केले? पॅरिसच्या ओबेर यांच्या दुकानाच्या काचेत चित्र लागले. लोक गर्दी करून पाहू लागले. पोलिसांनी हाती लागल्या तेवढ्या प्रती जप्त केल्या आणि मूळ दगडही नेला. आता ‘प्रचार’वाल्यांनी उत्तर द्यावे: खोट्या आरोपाला सरकार कशाने उत्तर देते? चौकशीने, कागदपत्रांनी, प्रतिज्ञेवरच्या जबान्यांनी. दगड उचलून नेणे हे उत्तर नव्हे. दगड उचलून नेणे म्हणजे उत्तर नाही, याची कबुली.

२२/ तिसरी चूक, रसिकांची: ‘राजकारण बाजूला ठेवून शैली पाहा.’ ठीक, शैलीच पाहू. १८३० च्या क्रांतीवर देलाक्रवाने ‘जनतेला नेणारी स्वातंत्र्यदेवता’ हे तैलचित्र केले. (ज्याच्या त्याच्या पोस्टवर ते १७८९ च्या क्रांतीचे म्हणून फिरते, कृपया आता तरी थांबवा.) देवता तिरंगा उंचावून प्रेतांच्या राशीवरून पुढे येते. त्या राशीत डाव्या कोपऱ्यात एक देह पाहा: अंगात नुसता सदरा, पाय उघडे, एका पायात मोजा. हाही माणूस अंथरुणातून ओढून मारलेला वाटतो.

२३/ आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. १८३० मध्ये सदऱ्यातले प्रेत कोपऱ्यात होते. स्वातंत्र्यदेवतेच्या वाटेवरची पायरी होते. त्याच्या मरणाला अर्थ होता, कारण देवता पुढे निघाली होती. चार वर्षांनी दोमिएच्या चित्रात तेच सदऱ्यातले प्रेत मध्यभागी आले आहे, आणि देवता नाही. झेंडा नाही. क्षितिज नाही. चार भिंती आहेत. चित्रकाराने देलाक्रवाला मुद्दाम उत्तर दिले, असा माझा दावा नाही. पण जुलै क्रांतीने जे वचन दिले आणि जे हाती आले, त्यातले अंतर याहून स्पष्ट कोठेही दिसत नाही.

२४/ रोमँटिक काळाने मृत देहाला भव्यता दिली. जेरिकोच्या १८१९ मधील ‘मेद्यूझाचा तराफा’ या चित्रातही प्रेते आहेत, पण ती एका प्रचंड त्रिकोणाचा पाया आहेत. वर आशेने फडकणारे वस्त्र आहे. दोमिए त्या परंपरेतून देहाचे वजन घेतो, प्रकाशाचे नाट्य घेतो, आणि आशा तेवढी वगळतो. हे ‘वगळणे’ राजकारण आहे आणि तीच शैलीही आहे. जो म्हणतो की शैली पाहीन, राजकारण पाहणार नाही, तो शैलीही पाहत नाही.

२५/ पुढची कथा अधिक बोलकी आहे. २८ जुलै १८३५ रोजी फिएस्की नावाच्या इसमाने अनेक बंदुकीच्या नळ्या एकत्र जोडलेल्या यंत्राने राजावर बार केला. राजा वाचला, १८ माणसे मेली. त्या संतापाच्या लाटेवर सप्टेंबरात नवे कायदे झाले. यापुढे कोणतेही रेखाटन, कोरीव चित्र, शिलामुद्रित चित्र सरकारी परवानगीवाचून प्रसिद्ध करता येणार नाही. ‘ला कारिकात्यूर’ त्याआधीच ऑगस्टात बंद पडले होते.

२६/ मग सनदेतल्या ‘कधीही’चे काय झाले? सरकार पक्षाचा युक्तिवाद वाचण्याजोगा आहे. त्याचा आशय असा: सनद मतांना संरक्षण देते, पण चित्र हे नुसते मत नव्हे. चित्र डोळ्यांशी बोलते, ते कृतीला चिथावणी देते; म्हणून सनदेचे संरक्षण त्याला नाही. लेखाला पूर्वपरवानगी लागणार नाही, चित्राला लागेल. चित्राच्या सामर्थ्याची एवढी उघड कबुली रसिकांच्या शंभर ग्रंथांत सापडणार नाही. ती सापडते कायद्याच्या पानावर.

२७/ म्हणून ‘चित्रच तर आहे’ म्हणणाऱ्यांना विचारा: ज्यांच्या विरुद्ध ते काढले होते, त्यांना ते कधी ‘चित्रच तर’ वाटले काय? ज्याच्या हाती तोफा होत्या, ज्याच्या हाती न्यायालये होती, त्याला एका खडूची आणि एका दगडाची इतकी धास्ती की त्याने आपल्याच राज्याच्या पायाभूत वचनातून पळवाट काढली. वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी झालेल्या क्रांतीतून जन्मलेल्या राजवटीने ते केले, हे विसरू नये.

२८/ दोमिए पुढे राजकीय चित्रांऐवजी समाजाच्या व्यंगांकडे वळला. वकील, घरमालक, ठक, मध्यमवर्गीय दांपत्ये. जन्मभरात त्याने चार हजारांच्या आसपास शिलाचित्रे काढली. बोदलेअरनेही पुढे या चित्राविषयी लिहिले की हे नेमके व्यंगचित्र नव्हे, हा इतिहास आहे, या अर्थाचे. जप्तीतून वाचलेल्या प्रती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही एक आहे. दगड गेला, कागद राहिला.

२९/ आणि ती गल्ली? पॅरिसच्या नकाशावर आज त्रांसनोनँ हे नाव शोधून सापडणार नाही. १८५१ मध्ये ती रू बोबूर या रस्त्यात विलीन झाली. नाव पुसले गेले. तरीही आपण, हजारो मैलांवर, मराठीतून, आज ते नाव उच्चारत आहोत. त्याचे एकच कारण: एका तरुणाने चित्राखाली दुसरे काही न लिहिता पत्ता लिहिला. शीर्षकात ‘शोक’ नाही, ‘अत्याचार’ नाही, ‘स्वातंत्र्य’ नाही. घर कोठे, ते आहे. कधी, ते आहे.

३०/ आणि येथेच आपणा सर्वांवर आरोप येतो, माझ्यासकट. आपण रोज जुनी चित्रे पुढे पाठवतो. तारीख कापलेली, चित्रकाराचे नाव गेलेले, गाव अज्ञात. वर एखादे आवेशपूर्ण वाक्य. ज्या चित्राचे सारे बळ पत्त्यात आणि तारखेत होते, त्याचा पत्ता आणि तारीख आपण कापतो. १८३४ च्या पोलिसांनी दगड जप्त केला. चित्राखालची ओळ कापून ते पुढे पाठवणारा तेच काम हसतमुखाने, विनामोबदला करतो.

३१/ तेव्हा एक साधा नेम करू. कोणतेही ऐतिहासिक चित्र पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न: कोणी काढले? कधी प्रसिद्ध झाले, आणि घटना कधीची? ते कोणाविरुद्ध आहे? ज्याच्याविरुद्ध आहे त्याने काय उत्तर दिले? चारांपैकी दोनांची उत्तरे मिळाली नाहीत तर पाठवू नये, शोधावे. शोधताना चित्रकाराची चूक सापडली तर ती लपवू नये. ज्या फिर्यादीत जीव आहे ती एका चुकीने मरत नाही.

३२/ सदऱ्यातला तो माणूस कोण होता, हे चित्र सांगत नाही. तो त्या घरातल्या मृतांपैकी कोणीही असू शकतो, म्हणूनच तो सगळ्यांच्या वतीने उभा आहे; किंबहुना पडलेला आहे. त्याला शूर म्हणू नका, हुतात्मा म्हणू नका. तो झोपला होता. राज्याने त्याला झोपू दिले नाही. इतकेच त्याचे म्हणणे, आणि १९० वर्षांत त्याला कोणत्याही सरकारी कागदाने समाधानकारक उत्तर दिलेले नाही. बहुत काय लिहिणे? आपण सुज्ञ आहात.